ताओबाओवरून लोलिता कपडे: नऊ महिन्यांच्या खरेदीनंतर

मी सिंगापूरला राहते आणि लोलिता घालते. जपानमध्ये हाराजुकूच्या आसपास वाढलेली ही पेहरावाची पद्धत: गुडघ्यापर्यंतचा घेरदार फ्रॉक, आत फुगीर परकर, बंद गळ्याचा ब्लाउज आणि भरपूर लेस. जपानी ब्रँडचा नवा फ्रॉक माझ्या पगारात वर्षाला जेमतेम एक बसतो. म्हणून गेल्या नऊ महिन्यांत ताओबाओ या चिनी ऑनलाइन खरेदीच्या साइटवरून तीन फ्रॉक, एक ब्लाउज आणि एक परकर मागवला.

अलीबाबा कंपनीने २००३ साली सुरू केलेलं ताओबाओ म्हणजे एक दुकान नव्हे, अख्खा बाजार आहे. त्यामुळे ‘ताओबाओचा माल कसा असतो’ या प्रश्नाला उत्तरच नाही. दुकान कुठलं, ते आधी सांगा. २०२४ पासून सिंगापूरकरांना इंग्रजीत वापरता येतं, पण मी अजूनही फोटो टाकूनच शोधते. पटकन सापडतं.

लोलिता शिवणारी बरीच चिनी दुकानं तयार माल ठेवत नाहीत. आधी चित्र किंवा नमुना दाखवतात, विसार घेतात, मग कापड कापायला घेतात. विसाराला ‘दिंगजिन’, उरलेल्या रकमेला ‘वेइकुआन’. या दुसऱ्या रकमेची मुदत फोनमध्ये लावून ठेवा, चुकली तर विसार बुडू शकतो. माझा बाटली-हिरवा फ्रॉक विसारानंतर साडेपाच महिन्यांनी आला. मध्ये चिनी नववर्ष होतं, तेव्हा कारागीर गावी जातात.

पण आला तो काय आला! पहिल्यांदा खालची कड उलटून पाहिली. सुती लेस, हाताला भरीव लागणारी. चुण्या एकसारख्या, पाठीला इलॅस्टिक. कापडावर किल्ल्याची छपाई आहे आणि बाजूच्या शिवणीवर त्या किल्ल्याची भिंत अर्धं बोटसुद्धा सरकलेली नाही. चार वेळा हाताने धुतला, लेस आटली नाही.

ब्लाउजने मात्र रडवलं. दुकान वेगळं होतं. मी ‘एल’ बघून मागवला, मापांचा तक्ता वाचलाच नाही. खांदा ३६ सेंटीमीटर निघाला, हात वर होईना. तेव्हा आई इथे आली होती. तिने काखेतली शिवण उसवली आणि म्हणाली, “अगं, आत माया ठेवलेलीच नाही, वाढवू कुठून?” शिवणीच्या आत जेमतेम अर्धा सेंटीमीटर जादा कापड होतं. चीनमध्ये ऑनलाइन खरेदी सात दिवसांत परत करता येते, पण ऑर्डरप्रमाणे शिवलेल्या कपड्याला तो नियम लागू नाही, आणि देशाबाहेर आलेला कपडा परत पाठवायचा खर्च कपड्यापेक्षा जड. आता अंगाला नीट बसणारा ब्लाउज जमिनीवर पसरते, टेपने मोजते, मगच तक्ता बघते. तक्त्यातलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका.

परकर मागवताना वजनावर जाऊ नका. विमानाने येणाऱ्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. ४० × ३० × २० सेंटीमीटरचं खोकं, आत किलोभर जाळी, पण पैसे ४.८ किलोचे. मी परकर समुद्रमार्गे मागवला. त्यावर इथला ९ टक्के जीएसटी धरा, २०२३ पासून छोट्या पार्सललाही लागतो.

नकला भरपूर आहेत. जपानी ब्रँडचाच फोटो आणि भाव पाचव्या हिश्श्याचा, असं दिसलं की पुढे जा. ते चित्र काढायला कुणीतरी महिनोन् महिने घातलेले असतात. चोरीची छपाई अंगावर घेऊन मला मिरवायचं नाही. त्यापेक्षा नव्या चिनी डिझायनरचा स्वतःचा नमुना घ्यावा. त्यांचं काम खरोखर देखणं आहे आणि ते पैशांत बसतं.

गेल्या आठवड्यात जांभळ्या फ्रॉकचा विसार भरला, हिरवा शिवणाऱ्या दुकानातच. छातीला चार सेंटीमीटर सैल आहे, विचारून घेतलंय.