सुरकुत्यांच्या इंजेक्शनपायी 29,000 रुपये गेले, वर पापणी उतरली

लिहायची लाज वाटते. पण परवा भिशीत एकीने, मला हे इंजेक्शन देणाऱ्या बाईचीच जाहिरात मोबाइलवर दाखवली, तेव्हा गप्प बसवेना.

मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. कपाळावरच्या आठ्या फोटोत दिसू नयेत एवढीच इच्छा, त्यात गैर काय? कॉलेज रोडला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर चकचकीत क्लिनिक, पांढरा कोट घातलेली बाई, सगळे तिला ‘डॉक्टर’ म्हणत. बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करून आठ्या घालवणाऱ्या इंजेक्शनचं, पॅकेज 28,000 चं, ‘लग्नसराई ऑफर’मध्ये 22,500. बुकिंगचे 2,000 फोनवरून घेतले, बाकीचे 20,500 रोख. पावती मागितली तर कागदावर ‘ब्युटी सर्व्हिस’ लिहून दिलं, रक्कमही नाही टाकली.

आणि ती सिरिंज! ती आतल्या खोलीतून भरूनच आणली. मी विचारलं, “बाटली दाखवता का?” तर म्हणाली, “काकू, ते स्टराइल असतं, बाहेर आणत नाही.” मी मान डोलावली आणि डोळे मिटले. बत्तीस वर्षं बँकेत काढली मी, सही जुळल्याशिवाय एक व्हाउचर पुढे सोडलं नाही. तिथेच उठायला हवं होतं. रोज रात्री तेच आठवतं. पण खुर्चीत आडवं झाल्यावर, कपाळाला स्पिरिट लावल्यावर कोण भांडतं?

बोटॉक्सचा परिणाम साधारण आठवड्यात दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण. मला तीन आठवड्यांनीही काही नाही. “तुमची स्किन जाड आहे, बूस्टर लागेल,” म्हणून आणखी 6,500 घेतले, तेही रोख. पाचव्या दिवशी डावी पापणी खाली आली.

खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितलं, औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं की असं होतं, काही आठवड्यांत ओसरतं. सिरिंजमध्ये नेमकं काय होतं ते त्यांनाही सांगता येईना. त्यांचा पहिला प्रश्न होता, “किती युनिट दिले?” बोटॉक्स युनिटमध्ये मोजतात, हे मला तेव्हा कळलं. ती बाई ‘एक एमएल, दोन एमएल’ म्हणत होती. ते पाणी किती घातलं त्याचं माप, औषधाचं नव्हे! औषध पावडर असतं, फ्रिजमध्ये ठेवतात, समोर सलाइनमध्ये कालवायला सांगा. बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत यांचा फोटो काढा. काढू देत नसतील तर चप्पल घालून निघा.

मुलीच्या लग्नात मी सगळ्या फोटोंत उजवा गाल पुढे करून उभी आहे.

परत गेले तर शटर बंद, फोन बंद. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, “मॅडम, तुम्ही स्वतःहून गेलात ना?” औषधांच्या सरकारी कार्यालयात म्हणाले, बाटली आणा. अहो, बाटलीच दाखवली नाही, हीच तर तक्रार आहे! तिसऱ्या ठिकाणी चौथ्या ठिकाणचा पत्ता दिला. चौथ्या ठिकाणी साहेब मीटिंगमध्ये. सही-शिक्क्याची एक पोच मिळवायला मला तीन चकरा पडल्या, आणि रिक्षाचे 540 रुपये वेगळेच.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत नाव तपासा, पैसे देण्याआधी. रोख देऊ नका. माझ्या हातात पुरावा आहे तो फक्त त्या 2,000 चा.

आता ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. त्या पहिल्या मजल्यावर आणखी कुणी पैसे भरले असतील तर कागद, मेसेज, फोटो काही पुसू नका. लाज मलाही वाटली, पण चार जणी मिळून तक्रार दिली तर ‘स्वतःहून गेलात’ म्हणून कुणाला परत पाठवता येणार नाही.