अंगकोर वाट दुपारी पाहावे

अंगकोर वाटचे मुख पश्चिमेला आहे. कंबोडियाच्या सहलीची आखणी करताना ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तरी निम्मी दगदग वाचते. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी उभारलेल्या या मंदिराच्या मागून सूर्य उगवतो. त्यामुळे पहाटे पाच वाजता तळ्याकाठी जमलेल्या शेकडो माणसांना मनोऱ्यांच्या काळ्या आकृती आणि पलीकडचे लालसर आकाश एवढेच दिसते. ते दृश्य सुंदर असते, याबद्दल दुमत नाही. परंतु मंदिराच्या दर्शनी बाजूवर, खांबांवर आणि ओवऱ्यांमधील कोरीवकामावर उजेड पडतो तो दुपारी तीननंतर, आणि नेमक्या त्याच वेळी सहलीच्या बहुतेक बसगाड्या दुसरीकडे गेलेल्या असतात.

हे आम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हते. मी, माझी पत्नी आणि अडुसष्ट वर्षांची माझी आई असे तिघे जानेवारीत अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात गेलो होतो. पहिल्या दिवसासाठी आम्ही तिथल्याच एका कंपनीची एकदिवसीय सहल ठरवली होती. सूर्योदय, अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम आणि जेवण असा कार्यक्रम होता. सूर्योदयासाठी दीड तास थांबवलेल्या मंडळींना प्रत्यक्ष मंदिरात जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली. पश्चिमेच्या ओवरीत वाटाड्याने भिंतीकडे हात करून “महाभारत” एवढाच शब्द उच्चारला आणि तो पुढे निघाला. आई मात्र थांबली. तिला बाणांच्या शय्येवर पडलेले भीष्म दिसले होते आणि ते तिला कोणी सांगावे लागले नव्हते. पुढून हाका आल्यामुळे तिला तिथून निघावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. सुदैवाने आम्ही अंगकोरच्या सगळ्या मंदिरांसाठीचा तीन दिवसांचा पास काढला होता, म्हणून पुढचे दोन्ही दिवस आम्ही आमच्या पद्धतीने घालवले. हा अभिप्राय त्या दोन दिवसांवर आधारलेला आहे.

पासाविषयी आधी सांगतो, कारण त्याचे नियम समजून घेतले तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. फेब्रुवारी २०१७ पासून एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ डॉलर आणि सात दिवसांचा ७२ डॉलर असे दर आहेत. तीन दिवसांचा पास सलग तीन दिवस वापरावा लागत नाही, दहा दिवसांतील कोणतेही तीन दिवस चालतात. बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, मात्र वयाच्या पुराव्यासाठी त्यांचे पारपत्र जवळ असावे. पासावर आपले छायाचित्र छापलेले असते आणि तो प्रत्येक मंदिराच्या दाराशी तपासला जातो, त्यामुळे दुसऱ्याचा किंवा अर्धा वापरलेला पास विकत घेण्याच्या फंदात कोणी पडू नये. तिकीटघर मंदिराच्या दाराशी नसून शहराकडच्या बाजूला काही किलोमीटर अलीकडे आहे. तिथे जाऊन किंवा अधिकृत संकेतस्थळावरून पास काढावा. संध्याकाळी पाचनंतर दुसऱ्या दिवसाचा पास घेतला, तर त्याच संध्याकाळी सूर्यास्तासाठी आत जाता येते आणि तो दिवस मोजला जात नाही. प्रत्येक पासाच्या रकमेतील दोन डॉलर कंथा बोफा या मुलांच्या रुग्णालयांना जातात, हे समजल्यावर महाग वाटणारे तिकीट मला तितके महाग वाटले नाही.

आता ओवऱ्यांविषयी. माझ्या मते अंगकोर वाटचे खरे वैभव मनोऱ्यांपेक्षा तिथेच अधिक आहे. मंदिराच्या सर्वांत बाहेरच्या ओवरीच्या चारही बाजूंना भिंतभर शिल्पपट कोरलेले आहेत. ते पाहण्याची दिशा ठरलेली आहे: पश्चिमेच्या दारातून आत गेल्यावर उजवीकडे वळायचे आणि भिंत सतत डाव्या हाताला ठेवून दक्षिण, पूर्व, उत्तर असे चालत राहायचे. म्हणजे ही प्रदक्षिणा उलटी, अपसव्य होते. आपल्याकडे देव उजव्या हाताला ठेवून फिरतात आणि अपसव्य हा शब्द श्राद्धविधीत ऐकू येतो. पश्चिमाभिमुख रचना आणि ही उलटी दिशा यांवरून काही अभ्यासकांनी हे मंदिर राजाचे मृत्यूनंतरचे स्मारकही असावे, असा तर्क केला आहे. ही दिशा आईला समजावून सांगावी लागली नाही. “म्हणजे पितरांची वाट,” एवढे म्हणून ती चालू लागली.

पश्चिम ओवरीच्या दक्षिण भागात कुरुक्षेत्र आहे. डावीकडून कौरव आणि उजवीकडून पांडव चालून येतात. खालच्या रांगेत पायदळ, वर हत्ती आणि रथ असून दोन्ही सेना मध्यभागी एकमेकांना भिडतात. कडेची रांग शिस्तीत पावले टाकते आणि मध्याकडे जाताना तीच रांग विस्कटून माणसांचा गुंता होतो. तो गुंता पाहायला भिंतीजवळ जावे आणि सगळी हालचाल नजरेत भरायला दोन पावले मागे खांबांपाशी यावे. अर्जुनाच्या रथावर चतुर्भुज कृष्ण सारथ्य करतो आहे. काही ठिकाणी दगड काळा तुकतुकीत झालेला दिसतो, तो असंख्य हातांच्या स्पर्शाने झालेला आहे. तिथे हात लावण्याचा मोह आपण तरी टाळावा.

दक्षिण ओवरीत प्रथम स्वतः सूर्यवर्मनाची मिरवणूक लागते. छत्रांच्या गर्दीत राजा बसलेला आहे आणि त्याच्याजवळच्या छोट्या कोरीव लेखात त्याचे परमविष्णुलोक हे मरणोत्तर नाव आहे. सैन्यामागून सैन्य जाते, त्यात ‘स्याम कुक’ (बहुधा सयामी) म्हणून ओळखले जाणारे सैनिक इतरांपेक्षा अगदी वेगळ्या वेशात, गप्पा मारत चालल्यासारखे दिसतात. त्यापुढे स्वर्ग आणि नरक आहेत. अनेक हातांचा यम रेड्यावर बसला आहे, चित्रगुप्त पाप्यांचा निवाडा करतो आहे आणि दोषी माणसे खाली ढकलली जात आहेत. नाकात दोरी ओवून ओढत नेलेल्या माणसांची रांग पाहताना आई बराच वेळ काही बोलली नाही.

पूर्वेचे समुद्रमंथन सर्वांना छायाचित्रांतून परिचित असते, पण त्याची लांबी छायाचित्रात मावत नाही. सुमारे ४९ मीटर लांबीच्या या पटात ९२ असुर आणि ८८ देव वासुकीला ओढत आहेत, मध्ये विष्णू आहे, खाली कूर्म आहे आणि वर फेसातून निघाल्यासारख्या अप्सरांच्या रांगा आहेत. इथे सकाळचा उजेड चांगला असतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू एका दुपारी पाहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या दारातून येऊन मंथन पाहावे. पूर्वेकडून येणारी वाट झाडीतली आणि साधी आहे, त्या बाजूने फारच थोडे लोक येतात. पूर्व ओवरीचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला उत्तर ओवरीचा भाग सोळाव्या शतकात कोरला गेला आणि त्यातला हात कच्चा आहे, हे नवख्यालाही जाणवते, म्हणून तिथे रेंगाळण्याची गरज नाही. तो वेळ पश्चिम ओवरीच्या उत्तर भागातील लंकायुद्धासाठी राखून ठेवावा. तिथे राम हनुमानाच्या खांद्यांवर उभा राहून बाण सोडतो आहे, मागे लक्ष्मण आणि बिभीषण आहेत, समोर दहा तोंडांचा आणि वीस हातांचा रावण आहे आणि त्या सगळ्यांभोवती वानर आणि राक्षस एकमेकांना चावत आहेत, ओरबाडत आहेत.

बाकान नावाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे असल्यास खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, नुसती ओढणी गुंडाळून चालत नाही. एका वेळी ठरावीक माणसांनाच वर सोडतात, त्यामुळे रांग लागते. बौद्धांच्या उपोसथाच्या, म्हणजे चंद्राच्या तिथीनुसार येणाऱ्या व्रताच्या दिवशी तो मजला बंद असतो, म्हणून तिथी आधी पाहून ठेवावी. मूळ दगडी पायऱ्यांवर लाकडी जिना बसवलेला आहे, तरी तो उभाच आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वर जाण्याचा हट्ट करू नये. आई खालीच बसली आणि तिचे काही चुकले, असे मला वाटत नाही.

इतर मंदिरांपैकी ता प्रोमला सकाळी दार उघडताच जावे, कारण झाडांच्या मुळांपाशी नंतर छायाचित्रांसाठी रांगा लागतात. या मंदिराच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंगकोरची देखभाल करणाऱ्या कंबोडियाच्या ‘अप्सरा’ या सरकारी प्राधिकरणासोबत केले आहे. बायोनच्या मनोऱ्यांवरील हसऱ्या दगडी चेहऱ्यांकडे सगळे पाहतात, पण खालच्या भिंतींवर बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज असे नित्याचे जीवन कोरले आहे, तिथे अर्धा तास अवश्य द्यावा.

मराठी पर्यटकाने मात्र बान्ते स्रेई कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. ते शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर असल्याने एकदिवसीय सहलीत बहुधा गाळले जाते, पण प्रवेश त्याच पासावर मिळतो. इ. स. ९६७ मध्ये पूर्ण झालेले हे गुलाबी वालुकाश्माचे शिवमंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वानाने उभारले. आकाराने ते आपल्या गावातल्या एखाद्या देवळाएवढेच आहे, परंतु कोरीवकाम चंदनाच्या लाकडावर केल्यासारखे बारीक आहे. कैलास हलवणारा रावण इथे एका दर्शनी पट्टावर आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील तोच प्रसंग ज्याने पाहिला आहे, त्याला दोन्हींतला फरक पाहताना वेळेचे भान राहणार नाही. वेरूळचा रावण पर्वताखाली सर्व बळ एकवटून ताठरलेला आहे. इथे पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि प्रत्येक पायरीवर ऋषी, प्राणी आणि गण घाबरून पाहत आहेत. दोन्ही शिल्पे आपल्याच ओळखीची आहेत, ही भावना घेऊन आम्ही तिथून निघालो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, एप्रिल टाळावा. जानेवारीतही अकरा ते अडीच या वेळेत दगड तापतात, तेव्हा हॉटेलवर परत येऊन विश्रांती घ्यावी आणि पुन्हा निघावे. दिवसभरासाठी टुकटुक ठरवली तर असे दोनदा जाणे परवडते. डॉलर सर्वत्र चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कोणी घेत नाही. शाकाहारी मंडळींनी मासळीचा रस (फिश सॉस) नको, हे वेगळे सांगावे, कारण तो भाज्यांतही घालतात. मंदिरांपाशी लहान मुले वस्तू विकायला येतात. त्यांच्याकडून काही घेऊ नये, अशी तिथल्या यंत्रणेचीच विनंती आहे, कारण विक्री झाली की त्यांची शाळा बुडते. नाही म्हणणे जड जाते, पण ते म्हणावे.

टुकटुकवाल्याला पहिल्याच दिवशी नकाशावर बोट ठेवून दोन गोष्टी सांगाव्यात: सकाळी अंगकोर वाटच्या पूर्व दाराशी सोडायचे आणि त्याने स्वतः मंदिराभोवतीच्या खंदकाला वळसा घालून पश्चिमेच्या दाराशी येऊन थांबायचे. आम्ही हे सांगायला विसरलो होतो, म्हणून आईला घेऊन तो सगळा पल्ला आम्हाला उन्हातून परत चालावा लागला.