सीदे की फासेलिस? अंतल्याला एकच दिवस हाती असेल तर

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अंतल्याला उतरून समुद्राकाठचं एखादं ग्रीक-रोमन शहर बघायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात. पूर्वेला सीदे, नैर्ऋत्येला फासेलिस. आम्ही लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही पाहिली. सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती. हे आधीच सांगतो, कारण माझं मत त्यातूनच बनलं आहे.

बांधकाम पाहायचं असेल तर सीदे उजवं, यात वाद नाही. तिथलं दुसऱ्या शतकातलं नाट्यगृह सुमारे १५,००० माणसं बसतील एवढं आहे. अशी नाट्यगृहं एरवी डोंगराच्या उताराला टेकवून बांधत. इथे जमीन जवळजवळ सपाट, म्हणून वरच्या रांगा कमानींवर उचलून धरल्या आहेत. त्या कमानींखालून फिरताना रोमन गवंड्यांचं खरंच कौतुक वाटतं. शेजारीच आगोरा, म्हणजे बाजारचौक. पूर्वेकडच्या किलिकिया किनाऱ्यावरचे चाचे पकडून आणलेल्या माणसांचा सीदेत लिलाव करत, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय. ते आठवलं की त्या चौकात पाय जड होतात. रोमन स्नानगृहात मांडलेलं संग्रहालयही चुकवू नये असं. फासेलिसला त्या तोडीचं काही नाही.

पण सीदेचे अवशेष आजच्या गावाच्या पोटात आहेत. नाट्यगृहाकडून टोकावरच्या अपोलोच्या देवळाकडे निघालात की दोन्ही बाजूंना दुकानं आणि हॉटेलं. आईला दर दहा मिनिटांनी टेकावं लागतं. आम्हाला जिथे जिथे सावली दिसली, ती कुठल्या तरी हॉटेलच्या छत्रीचीच होती. बसलं की लगेच मेनूकार्ड पुढे. तीन ठिकाणी बसलो, तीनदा चहा घेतला. तिसऱ्या चहानंतर आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथंच बसते." समुद्राकडे तोंड करून उभे असलेले त्या देवळाचे पाच संगमरवरी खांब, ज्यांच्यासाठी आम्ही मुख्यतः गेलो होतो, ते तिने पाहिलेच नाहीत. मला ते अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी फासेलिस. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात ऱ्होड्स बेटावरच्या ग्रीक लोकांनी वसवलेलं, तीन बंदरांचं गाव. बंदरांना जोडणारा रुंद फरसबंद रस्ता अजून शाबूत आहे. त्याच्या दोन्ही कडांना दगडी पायऱ्या आणि भोवती पाइनची झाडं. आई तिथल्या एका पायरीवर, गावातल्या पारावर बसावं तशी, निवांत अर्धा तास बसली. मग आपणहून उठून दक्षिणेच्या बंदरापर्यंत चालत गेली. रोमन बादशहा हेड्रियनच्या भेटीसाठी उभारलेल्या कमानीचे कोरीव दगड तिथे पडलेत, ते तिने हात लावून पाहिले. अलेक्झांडर इसवी सनापूर्वी ३३४-३३३ च्या हिवाळ्यात इथे मुक्कामाला होता. त्याला ही जागा का आवडली असेल, ते तिथे बसल्यावर कळतं.

नाट्यगृह छोटं, सीदेच्या पुढे काहीच नाही. पण वरच्या रांगेत बसलात की समोर थेट ताहताली डोंगर, २,३०० मीटरहून उंच. आम्ही एप्रिलमध्ये गेलो तेव्हा माथ्यावर बर्फ होतं.

गैरसोयी फासेलिसलाही आहेत. अंतल्याहून येणारी मिनीबस हायवेवरच्या फाट्यावर सोडते, तिथून बरंच आत चालावं लागतं. आई बरोबर असल्याने आम्ही टॅक्सी केली. दुपारी सहलीच्या बोटी येऊन बंदरात थांबतात आणि गाण्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतो. सकाळी लवकर पोहोचलात तर तो त्रास टळेल.

तुम्ही तरुण असाल, मूर्तिशिल्पांची ओढ असेल, किंवा अपोलोच्या खांबांमागचा सूर्यास्त पाहायचाच असेल, तर सीदेला जा. वाईट वाटणार नाही. घरातलं कुणी वडीलधारं किंवा लहान मूल सोबत असेल तर मी फासेलिस म्हणेन. पाणी आणि डबा मात्र बरोबर घ्या. पोहण्याचे कपडेही असू द्या, मधलं बंदर उथळ आहे.