गुडघ्याच्या औषधाच्या नावाखाली ४४,८०० चा चुना, सिंहगड रोडवर सायकल चालवणाऱ्यांनो वाचा

लिहू की नको असं चाललं होतं, घरचे पण म्हणाले कशाला चव्हाट्यावर आणतेस, पण परवा आमच्या ग्रुपमधल्या एकाला खडकवासल्याला अगदी तसाच माणूस भेटल्याचं कळलं आणि मग राहवेना. माझे ४४,८०० रुपये गेलेत.

पद्धत सगळ्यांना माहितीये, रस्त्यात अनोळखी माणूस भेटतो, माझ्या आईला सेम त्रास होता एका वैद्यांनी बरं केलं म्हणतो, मग दुकान, मग खल, मग बिल. मी पण वाचलेलं होतं हे. पण ते म्हाताऱ्या माणसांना होतं, देवळाबाहेर, स्टेशनवर. अंगात जर्सी, डोक्यावर हेल्मेट, हातात रोडबाईक असा माणूस येऊन हे करेल असं कोणाच्या डोक्यात येईल सांगा ना.

माझा उजवा गुडघा वाटीच्या पुढून दुखत होता. फार नाही, चढावर जोर लावला की आणि नंतर जिना उतरताना. ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड) तोंडावर, २० तासांत संपवायची, त्यामुळे सराव बंद करणं परवडणारं नव्हतं. सिंहगड करून खाली आले आणि धरणाजवळ चहा घेताना गुडघा चोळत बसले, तर हा शेजारी येऊन म्हणतो, "ताई, वाटीखाली दुखतंय ना? चढावर उजव्या पायाने कमी मारत होतात तुम्ही." बरोबर ओळखलं होतं त्याने. मग म्हणे माझी ६०० किलोमीटरची बीआरएम याच दुखण्याने अर्धवट सुटली, एका वैद्यांकडे गेलो आणि पुढच्या सीझनला ३८ तासांत पूर्ण केली. बीआरएमची भाषा, वेळा, सगळं तोंडपाठ.

आणि डोकं कशाने फिरतं सांगू? त्याची सायकल माझ्यासमोर कठड्याला टेकवलेली होती. सीट इतकी खाली की सीटपोस्ट (सीटखालची दांडी) जेमतेम चार बोटं बाहेर, साधे पेडल, पायात सँडल. त्या सीटवर बसून त्याच्या उंचीचा माणूस ५० किलोमीटर पण धड मारू शकत नाही, गुडघे हनुवटीला लागतील! मी बघितलं ते. चांगलं बघितलं. मित्राची सायकल घेऊन आला असेल असं वाटलं, आणि समोरचा इतक्या आपुलकीने बोलत असताना तुझी सीट खाली का असं कोण विचारतं? कुणीच नाही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा ती सीटच डोळ्यासमोर येते.

त्याने सांगितलेलं दुकान एका पेठेतल्या गल्लीत. वैद्याने (वैद्य कसला, पण असो) गुडघा दाबला, वंगण संपलंय म्हणाला, सहा महिन्यांत वाटी बदलायला लागेल म्हणाला. फी फक्त ३००, त्यामुळे संशय यायचं कारणच नाही. मग काउंटरवरच्या पोराने तीन बरण्या काढल्या आणि दर सांगितले, २२०, १४५, ३१०. कशाचे ते नाही सांगितलं. मी पुडीचे धरले, तुम्ही पण तेच धरले असते. तो पटापट वजन करून तिन्ही पावडरी एकाच खलात ओतून घोटायला लागला आणि घोटून झाल्यावर बिल, ६० ग्रॅमचे १३,२००, १२० ग्रॅमचे १७,४००, ४० ग्रॅमचे १२,४००, वर तेल १,५००. दर ग्रॅमचे होते! नको म्हटलं तर "मॅडम आता मिक्स झालं, हे कोणाला विकणार?" तोपर्यंत शटर अर्धं खाली आणि दारात दोघं उभे. मी एकटी. २५,००० यूपीआयने दिले, स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल कव्हरच्या दुकानाचं, आणि उरलेले १९,८०० काढायला तो पोरगा माझ्याबरोबर एटीएमपर्यंत आला.

पैसे देण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. दर विचारताना "किती ग्रॅमचा" हे विचारा, आणि एकूण आकडा कागदावर आल्याशिवाय खलाला हात लावू देऊ नका.

आता पोलीस. पहिल्या चौकीत म्हणे दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडे म्हणे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले, माल पण मिळाला, यात गुन्हा काय, ही सिव्हिल मॅटर. वर एक हवालदार हसत म्हणतो "शिकल्यासवरलेल्या दिसता". शिकलेल्या माणसाला लुटलं की तो गुन्हा नसतो का? हद्दीचं कारण सरळ खोटं आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. हे बोलले तर "मग कोर्टात जा". तिसऱ्यांदा नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा साहेब नव्हते. त्यात इतका वेळ गेला की दुकानाला कुलूप, शेजारचे म्हणतात भाड्याने होते, गेले. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय. औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसात गेले तर बिलावर बॅच नंबर हवा! अहो साध्या वहीच्या कागदावर चार आकडे लिहून दिलेत, त्यावर बॅच नंबर असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? प्रत्येकजण दुसऱ्याचं दार दाखवतो आणि तेवढ्यात चोर गल्ली बदलतो. शेवटी कलम १७३(४) खाली उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवलीये, पोच आलीये, बाकी काही नाही.

पावडर खाल्ली नाही. नणंद डॉक्टर आहे, ती म्हणाली असल्या पुड्यांमध्ये स्टिरॉईड मिसळलेलं सापडतं, त्यानेच दोन दिवसांत आराम पडतो, आणि बरेच दिवस खाऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. कोणी घेत असेल तर परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा. पुडी फेकू नका, पुरावा आहे.

आणि गुडघ्याचं? फिजिओने ७०० घेतले आणि आधी सायकल आणायला सांगितली. सर्व्हिसिंगमध्ये सीटपोस्ट खाली गेली होती, दीड सेंटीमीटर. सीट खाली गेली की पेडल वर येताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो, वर मी चढावर जड गिअर रेटत होते. पुढून दुखलं तर सीट खाली आहे का बघा, मागून दुखलं तर बहुतेक वर आहे, बाहेरच्या बाजूने दुखलं तर क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवायची पट्टी) तपासा. सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी सीटपोस्टवर टेप लावा. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८०च्या आसपास ठेवा.

तो माणूस तिशीतला, सावळा, पिवळी जर्सी, काळी रोडबाईक, सीट एकदम खाली. रविवारी सकाळी धरणाजवळच्या टपऱ्यांवर असतो. गुडघ्याचा विषय काढला तर वाद घालत बसू नका, सायकलसकट फोटो काढा आणि ११२ लावा. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३०, ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन. आणि तुमच्याबरोबर झालं असेल तर मला सांगा, तक्रारदार चार झाले की उपायुक्तांना परत पत्र टाकणार आहे.