मराठी शोधासाठी कोणता ब्राउझर? फायरफॉक्स, क्रोम, विवाल्डी आणि ब्रेव्ह

साताऱ्याच्या स्थानिक इतिहासावर टिपणे काढताना मला सर्वांत जास्त वेळा उघडावा लागतो तो वाईत तयार होणारा मराठी विश्वकोश. त्याच्या नोंदी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. परंतु अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘प्रतिसरकार’ असा शब्द टाकला की तो थेट ठरलेल्या शोधयंत्राकडे जातो आणि व्हिडिओ, बातम्या व जाहिराती यांच्या गर्दीतून हवी ती नोंद आपल्यालाच वेचून काढावी लागते. म्हणून ब्राउझर निवडताना मी वेगाच्याही आधी हे पाहतो, की शोध आपल्याला हवा तिथे पाठवण्याची मुभा तो किती देतो. फायरफॉक्स, क्रोम, विवाल्डी आणि ब्रेव्ह हे चार ब्राउझर रोजच्या कामात ठेवून त्याच कसोटीवर मी पारखले.

ही सोय क्रोममध्ये सेटिंग्जच्या सर्च इंजिन विभागात आहे. तिथे संकेतस्थळाचे नाव, एक लघुरूप आणि शोधाचा पत्ता भरायचा असतो. पत्त्यात जिथे आपला शब्द यायचा, तिथे टक्क्याचे चिन्ह व त्याला जोडून इंग्रजी ‘एस’ हे लहान अक्षर लिहायचे. विश्वकोशासाठी मी गूगलच्या शोधाचाच पत्ता घेऊन त्यात केवळ विश्वकोशाच्या संकेतस्थळापुरते शोधण्याची ‘साइट’ ही आज्ञा घातली. लघुरूप मुद्दाम देवनागरीत, ‘वि’ असे ठेवले, कारण ते रोमन लिपीत असेल तर प्रत्येक शोधाला कीबोर्डची भाषा दोनदा बदलावी लागते आणि सगळी सोय त्यातच वाया जाते. आता ‘वि’, मग स्पेस, मग ‘कास पठार’ आणि एंटर, एवढ्यावर फक्त विश्वकोशातील नोंदी समोर येतात. मराठी विकिपीडियासाठी याच पद्धतीने ‘पी’ ठेवले आहे. सातबाऱ्याचे मात्र असे करता येत नाही. त्या पानावर जिल्हा, तालुका व गाव निवडून कॅप्चा भरावा लागतो, त्यामुळे तिथे साधा बुकमार्कच बरा.

हेच काम फायरफॉक्समध्ये अधिक सहज होते. संकेतस्थळाच्या शोधचौकटीवर उजवी क्लिक करून ते शोधयंत्र म्हणून जोडता येते किंवा बुकमार्कलाच लघुरूप देता येते. शिवाय शब्दाआधी तारांकन टाकले तर फक्त बुकमार्क, ‘^’ टाकले तर फक्त इतिहास आणि ‘%’ टाकले तर फक्त उघडे टॅब शोधले जातात. वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवून काम करणाऱ्याला यातील शेवटच्या चिन्हाचे मोल वेगळे सांगायला नको. जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन पूर्ण क्षमतेने फायरफॉक्सवर चालते. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी व्यवस्था बंद केल्यापासून तिथे त्याची मर्यादित आवृत्तीच उरली आहे.

विवाल्डीची पहिली पूर्ण आवृत्ती २०१६ साली आली. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने उभा केलेला हा ब्राउझर शोधयंत्रांना एका अक्षराची टोपणनावे देऊ देतो. पण मला त्याचे खरे बळ दोन टॅब एकाच खिडकीत शेजारी-शेजारी मांडण्यात दिसले. डावीकडे विश्वकोशाची नोंद, उजवीकडे विकिपीडियाचा लेख ठेवून तारखा व नावे ताडून पाहताना नजर हलते, हात हलवावा लागत नाही. एवढ्या एका कामासाठीही तो संगणकावर असावा, असे माझे मत आहे. ब्रेव्ह जाहिराती मुळातच अडवतो आणि त्याचे स्वतःचे शोधयंत्रही आहे. ज्यांना सेटिंग्जमध्ये शिरायचेच नाही, त्यांनी तो निःशंक घ्यावा. माझ्या कामाला मात्र त्यातून फार वेगळे असे काही मिळाले नाही.

ठरलेले शोधयंत्र बदलण्याचा कंटाळा बहुतेकांना असतो आणि त्या कंटाळ्याची किंमत गूगलला नेमकी ठाऊक आहे: ब्राउझर व फोन यांत आपले शोधयंत्र आधीपासून ठेवले जावे म्हणून त्या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा मोठा भागही याच मार्गाने येतो, हे त्याची शिफारस करताना मी लपवणार नाही. तरीही चौघांपैकी तोच एक क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या पायाभूत मुक्त सॉफ्टवेअरवर, आधारलेला नाही आणि पाने पडद्यावर मांडणारे त्याचे गेको हे स्वतंत्र इंजिन टिकावे असे मला मनापासून वाटते.

माझी पसंती त्यामुळे फायरफॉक्सला आहे आणि जोडीला विवाल्डी. फायरफॉक्सवर लघुरूपे बुकमार्कलाच द्यावीत, कारण एकाच खात्याने सिंक केल्यास बुकमार्कबरोबर तीही दुसऱ्या संगणकावर जातात, तर हाताने जोडलेली शोधयंत्रे जात नाहीत. अँड्रॉइड फोनवर बुकमार्कची लघुरूपे चालत नाहीत. तिथे सेटिंग्जमधून शोधयंत्र एकदा नव्याने जोडून घ्यावे लागते.