फॅमिकॉम मिनी की एनईएस क्लासिक: नेमका कोणता घ्यावा?

निन्टेंडोने नोव्हेंबर 2016 मध्ये आपल्या 1980च्या दशकातल्या टीव्ही-गेम यंत्राची (जपानात फॅमिकॉम, अमेरिका-युरोपात एनईएस) छोटी प्रतिकृती दोन रूपांत बाजारात आणली. जपानपुरता लाल-पांढरा फॅमिकॉम मिनी 5,980 येनला, आणि अमेरिका-युरोपसाठी करड्या रंगाचा एनईएस क्लासिक, अमेरिकेत 60 डॉलरला. आतली चिप तीच. दोन्हींत 30 गेम भरलेले, एचडीएमआयवरून 720पी चित्र, मायक्रो-यूएसबीतून 5 व्होल्ट, 1 अँपिअर वीज. दोन्ही आता बनत नाहीत, म्हणजे जुना किंवा पडून राहिलेला मालच घ्यावा लागणार.

खरा फरक कंट्रोलरचा. फॅमिकॉम मिनी मूळ यंत्राच्या साधारण 60 टक्के आकाराचा आहे, आणि कंट्रोलर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसायला हवेत म्हणून तेही तेवढेच आकसलेत. मोठ्या माणसाचा अंगठा दिशांच्या बटणावर मावत नाही. अर्ध्या तासात मनगट बोलू लागतं. वायरी यंत्रातच कायमच्या जोडलेल्या, त्यामुळे एक तुटली की नवा कंट्रोलर लावता येत नाही. दुसऱ्या कंट्रोलरला मुळासारखंच स्टार्ट-सिलेक्ट नाही, आणि त्यावरचा माइक निव्वळ शोभेचा आहे. एनईएस क्लासिकचा कंट्रोलर मात्र पूर्ण आकाराचा आणि सुटा. सोबत एकच येतो, दुसरा वेगळा घ्यावा लागतो. वायर जेमतेम पाऊण मीटर, पण जोडणी निन्टेंडोच्याच ‘वी’ (Wii) या गेम यंत्राच्या कंट्रोलरचीच असल्याने त्याची एक्स्टेन्शन वायर चालते.

फॅमिकॉम मिनीला तो उपाय नाही. तिथे लांब एचडीएमआय केबल घेऊन यंत्रच आपल्याजवळ आणायचं. तसंही मेनूत परतायला दोन्हींत यंत्रावरचं रीसेट दाबावं लागतं, म्हणून ते हाताशी असलेलंच बरं. यूएसबी केबल मात्र लांब आणि बारीक नको. व्होल्टेज पडून यंत्र मध्येच बंद होतं. टीव्हीच्या यूएसबीवरही भरवसा नको, अनेक टीव्ही अर्धाच अँपिअर देतात. मोबाइलचा साधा चार्जर चालतो. खेळ अर्धवट सोडताना आधी रीसेट, मग चार जागांपैकी एकीत जतन. थेट बंद केलंत तर तो डाव गेला.

गेमच्या यादीत 22 समान, 8 वेगळे. आपल्याकडे 60 पिनांच्या (म्हणजे फॅमिकॉम धर्तीच्या) कार्ट्रिजवर वाढलेल्यांना ‘यी आर कुंग-फू’ हवा असेल तर तो फक्त जपानी यंत्रात. ‘पंच-आउट’, ‘बबल बॉबल’, ‘डाँकी काँग ज्युनिअर’ फक्त करड्यात. पहिला ‘काँट्रा’ दोन्हींत नाही, त्याचा पुढचा भाग आहे. ‘डक हंट’ही नाही, त्याची बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या प्रकाशावर चालायची.

भाषेचा प्रश्न जपानी यंत्रातल्या ‘फायनल फँटसी 3’मध्ये अडतो: तो जपानीच आहे, आणि संवाद वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्या यंत्राचा मेनूही जपानीत. ‘गॅलागा’ किंवा ‘आइस क्लाइंबर’ला कशाचीच भाषा लागत नाही. उलट ‘मेट्रॉइड’ जपानी यंत्रात डिस्कच्या (जपानात कार्ट्रिजऐवजी डिस्कवर निघालेल्या) आवृत्तीचा आहे, म्हणजे खेळ नावानिशी जतन होतो; अमेरिकी आवृत्तीत लांबलचक पासवर्ड उतरवून घ्यावा लागायचा. ‘मारिओ 3’ मात्र जपानीत कठीण: शेपटीवाला मारिओ एका फटक्यात थेट लहान होतो.

खेळायचं असेल तर एनईएस क्लासिक. कपाटात ठेवून अधूनमधून लावायचं असेल, किंवा त्या लाल-पांढऱ्या रूपाचाच मोह असेल, तर फॅमिकॉम मिनी. लहान मुलांच्या हातात त्याचे कंट्रोलर व्यवस्थित बसतात, ही त्याची एक जमेची बाजू.

नकली मालापासून जपा. खालचं लेबल पाहा: फॅमिकॉम मिनीवर सीएलव्ही-101, एनईएस क्लासिकवर सीएलव्ही-001. पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबल आणि ‘620 गेम’ असा दावा दिसला, तर ती नक्कल आहे. अस्सल यंत्रात एव्हीचं भोकच नसतं.