डिस्क ड्राइव्ह घ्यायचाय: आतला की बाहेरचा, डीव्हीडी की ब्लू-रे?

ड्राइव्हच्या खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी घरातलं कपाट उघडा आणि तिथल्या सीड्या-डीव्हीड्या बाहेर काढा. जुनं वाचायचंय की नवं लिहायचंय, हे तिथेच कळतं आणि अर्धी निवड तिथेच होते. आज ड्राइव्ह शोधणाऱ्या बहुतेकांचं काम वाचण्याचंच असतं: फोटो, गाण्यांच्या सीड्या, एखादं जुनं सॉफ्टवेअर. तरी आपण चौकशी करतो ती लिहिण्याच्या स्पीडची.

आधी आतला की बाहेरचा ते बघू. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढून सव्वापाच इंचांचा कप्पा असेल आणि मदरबोर्डवर एक साटा पोर्ट (ड्राइव्हची वायर जोडायची जागा) रिकामा असेल, तर आतला ड्राइव्ह बसतो. नव्या काचेच्या कॅबिनेटना हा कप्पा बहुधा नसतोच, त्यामुळे अनेकांचा प्रश्न इथेच मिटतो. लॅपटॉपवाल्यांना तर बाहेरचा पातळ यूएसबी ड्राइव्ह हाच सरळ मार्ग.

कागदावर फरक मोठा दिसतो. आतला ड्राइव्ह डीव्हीडी २४ एक्सने लिहितो, बाहेरचा पातळ ८ एक्सने. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.४ एमबी. पण २४ एक्स हा वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. लिहिणं आतून सुरू होतं आणि तिथे वेग निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे भरलेल्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीला एकीकडे पाचेक मिनिटं लागतात, दुसरीकडे नऊ-दहा. महिन्यात दोन डिस्क लिहिणाऱ्याने या चार मिनिटांसाठी कॅबिनेट उघडू नये.

खरा फरक खराब डिस्कपाशी कळतो. माझ्याकडे २००८ सालच्या फोटोंची एक डीव्हीडी होती, मार्करने लिहिलेलं नाव अर्धं पुसलेलं. पातळ ड्राइव्हमध्ये घातली की फिरायची, मंदावायची, टक्‌ टक्‌ करायची, पुन्हा फिरायची. कॉपीची हिरवी पट्टी ६३ टक्क्यांवर जाऊन बसायची ती बसायचीच. तीच डिस्क जुन्या डेस्कटॉपच्या आतल्या ड्राइव्हने रडतखडत का होईना, पूर्ण वाचली. एका डिस्कवरून नियम ठरत नाही, उलटंही होऊ शकतं. मात्र शंभरेक जुन्या डिस्क उपसायच्या असतील, तर मी मोठ्या ड्राइव्हच्या बाजूने आहे: दणकट असतो, ट्रे पूर्ण बाहेर येतो, डिस्क अलगद बसते. शक्य असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन ड्राइव्ह हाताशी असावेत. एकाने नाकारलेली डिस्क दुसरा कधी कधी बिनबोभाट वाचतो.

पातळ ड्राइव्हची दुसरी गोम विजेची. तो पाच व्होल्टवर, यूएसबीमधूनच चालतो. यूएसबी २ पोर्ट ठरलेल्या मापाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. मोटर सुरू होताना आणि लिहिताना पहिला आकडा अपुरा पडू शकतो. मग ड्राइव्ह मध्येच गायब होतो आणि आपण दोष डिस्कला देतो. अशा वेळी वायर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टातून किंवा हबमधून काढून थेट मागच्या पोर्टात लावून बघा. दोन प्लगांची वाय-केबल मिळाली तर उत्तम. आतला ड्राइव्ह वेगळ्या खोक्यात घालून यूएसबीवर वापरायचा मधला मार्गही आहे; फक्त त्याला १२ व्होल्ट लागतात, म्हणजे अडॅप्टर आलाच.

डिस्क आत ओढून घेणारा स्लॉटवाला दिसायला देखणा, पण मी तो घेणार नाही. ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क त्यात घालणं म्हणजे संकट. शिवाय ट्रेवाल्याला पुढे एक बारीक भोक असतं. ड्राइव्ह बंद पडला तरी सरळ केलेली कागदाची पिन त्यात खुपसून अडकलेली डिस्क काढता येते.

आता डीव्हीडी की ब्लू-रे. डीव्हीडी रायटर सीडी आणि डीव्हीडी दोन्ही वाचतो, लिहितो. ब्लू-रे रायटर हे सगळं करून शिवाय २५ आणि ५० जीबीच्या डिस्क हाताळतो, आणि बीडीएक्सएल (जास्त थरांच्या ब्लू-रे डिस्कचा प्रकार) चालणारा असेल तर १०० जीबीच्याही. यात एक तिसरा प्रकार फसवतो: ‘कॉम्बो’. तो ब्लू-रे नुसता वाचतो, लिहितो फक्त सीडी-डीव्हीडी. खोक्यावर ब्लू-रेचं चिन्ह ठळक असतं, ही गोष्ट बारीक अक्षरात. बॅकअपसाठी घेताय तर ‘रायटर’ हा शब्द शोधा.

बॅकअपचा हिशेब असा: एक टीबी डेटा म्हणजे दोनशेहून जास्त डीव्हीडी, किंवा २५ जीबीच्या ४० ब्लू-रे डिस्क. दोनशे डीव्हीडी कोणी लिहीत बसत नाही. मोजके फोटो आणि कागदपत्रं वर्षानुवर्षं ठेवायची असतील तर एम-डिस्कचा विचार करा; तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी अजैव थर असतो. डीव्हीडी प्रकारातली एम-डिस्क लिहायला तसा उल्लेख असलेलाच ड्राइव्ह लागतो, वाचायला कोणताही चालतो. मात्र कोऱ्या ब्लू-रे डिस्कचा बाजार आक्रसतोय. सोनीने त्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. हार्ड डिस्कवर एक प्रत हवीच.

सिनेमासाठी ब्लू-रे ड्राइव्ह घेणाऱ्यांनी जरा थांबावं. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोयसुद्धा विंडोजमध्ये आपोआप येत नाही. डीव्हीडीचं काम व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर भागवतो. सिनेमाच्या ब्लू-रेला कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं, त्यासाठी बहुधा विकतचं सॉफ्टवेअर लागतं. फोरके ब्लू-रेचं तर त्रांगडंच आहे: अधिकृत पद्धतीने ती संगणकावर चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागायची, आणि इंटेलने नव्या कोअर प्रोसेसरमधून तीच काढून टाकली. सिनेमेच बघायचे असतील तर टीव्हीला जोडायचा प्लेअर घ्या.

गाण्याच्या सीड्या संगणकावर उतरवायच्या असतील तर साधा डीव्हीडी रायटर पुरतो. ५२ एक्सच्या मागे लागू नका. त्या वेगाला डिस्क मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्या मारते आणि ड्राइव्ह मिक्सरसारखा ओरडतो. चरे असलेली सीडी हळू वाचलेलीच बरी.

मला आज एकच घ्यायचा झाला तर बाहेरचा, ट्रेवाला, यूएसबीचा डीव्हीडी रायटर घेईन, एम-डिस्क लिहिणारा. कॅबिनेटला कप्पा असता आणि कपाटात शंभर सीड्या असत्या, तर आतला. ब्लू-रे रायटर फक्त त्याने घ्यावा ज्याच्याकडे ब्लू-रे डिस्क आधीच आहेत, किंवा जो खरोखर दर वर्षी बसून बॅकअप लिहितो. मी लिहीत नाही.